बंद वाटेसाठी लिहिलेला अर्ज

"काका, ही मीटिंग सोसायटीच्या मेंबरांसाठी आहे. तुमचा कागद गेटवर वॉचमनकडे द्या."

जे. पी. नगरातील एका गृहसंकुलाच्या सभागृहात, वॉर्डाच्या उमेदवारासमोर, मला असे सांगण्यात आले. सांगणारे सेक्रेटरी पुण्याचे, वयाने माझ्याहून बरेच लहान. काही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी उभा होतो.

आमच्या गल्लीतून बसथांब्याकडे जाणारी जुनी वाट याच संकुलाने फाटक घालून बंद केली होती. माझ्या पत्नीचे गुडघे गेलेले. कामावर जाताना तिला रोज मोठा वळसा पडतो. त्यासाठी मी अर्ज घेऊन गेलो होतो.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. तथापि तालुका कचेरीबाहेर बसून मी बावीस वर्षे अर्ज लिहितो, कन्नड व मराठी दोन्ही. मायना चुकला म्हणून माझा एकही मसुदा परत आलेला नाही. हे अभिमानाने नमूद करतो.

उमेदवाराने हात पुढे करून कागद घेतला. 'आपल्या चरणी सविनय सादर' ही पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि कन्नडात म्हणाला, "अण्णा, मी अजून निवडूनसुद्धा आलो नाही, आणि तुम्ही आत्ताच माझ्या चरणी?"

सभागृह हसले. सेक्रेटरींना कन्नड कळत नव्हते. तेही हसले.

पुढचे त्याने वाचलेच नाही. कागद मागच्या माणसाकडे गेला. त्या माणसाने घडी करून त्याचा वारा घेतला.

घरी पत्नीने विचारले, "काय म्हनला?"

"हसला."

"मत कुनाला पायजे हाय? त्येला का तुमाला?"

"त्याला."

"मग अर्ज तुमी का लिवला?"

निपाणीकडची बाई. शाळेची पायरी न चढलेली. सभागृहाचे हसणे मी सोसले होते, हा प्रश्न सोसवेना. बावीस वर्षे मी मागणाऱ्याच्या वतीने लिहीत आलो. मागणारा कोण, हे एकदाही तपासले नाही.

मग मी कामाला लागलो. मतदारयादी मिळवून गल्लीतील एकेक नाव ताडून पाहिले. दोन नावे गळली होती. चुकून गळली, असे मी मानीत नाही. त्यांचे फॉर्म स्वतः भरून दिले. पुढे उमेदवारांची शपथपत्रे आली, ती अक्षर न् अक्षर वाचली. त्यांत लिहिलेलेही सगळे खरे असेल असे नाही.

आणि नवा कागद लिहिला. मायना नाही, विनंती नाही. एकच प्रश्न: फाटक उघडण्यासाठी आपण काय कराल, व कधीपर्यंत? खाली उत्तरासाठी कोरी जागा. सहीची रेघ.

रविवारी तोच उमेदवार हात जोडून गल्लीत आला. मी बसल्या जागेवरून उठलो नाही. कागद आणि पेन पुढे केले.

"थोडं नंतर, अण्णा. घाई आहे."

"आत्ता."

"तुम्ही कोण मला विचारणार?"

"यादीत माझा अनुक्रमांक आहे. सांगू?"

त्याने पेन परत दिले. कोऱ्या जागेत मी त्याच्यादेखत लिहिले: उत्तर देण्यास नकार दिला. साक्षीदार म्हणून पत्नीने अंगठा उठवला. शेजारच्या शिंप्याने सही केली. काही जण घरात गेले, दारे लावून घेतली. त्यांची नावेही माझ्या लक्षात आहेत.

वाट अजून बंद आहे. उरलेल्या उमेदवारांसाठी कागद तयार आहेत. लिहून न देणाऱ्याला माझे मत नाही. लिहून देणाऱ्यावरही माझा विश्वास नाही. निवडून आला तर त्याच कागदासह दर महिन्याला मी त्याच्या दारात उभा असेन.