फाटकमावशीचा नियम

सिस्टरांच्या शाळेत मुख्याध्यापिका आल्या आणि गेल्या, फाटकमावशी मात्र तीच राहिली. चर्चमागच्या एका खोलीत, कपडे धुणाऱ्या बायकांच्या मुलींसाठी दोन सिस्टरांनी ही शाळा काढली, तेव्हा मावशी स्वतः पहिल्या बाकावर बसायची. चौथीनंतर शिकवायला घरी कोणी नव्हतं, म्हणून सिस्टरांनी तिला आधी झाडलोटीला ठेवलं आणि मग फाटकावर. पुढे दुमजली इमारत झाली, चर्चला न जाणाऱ्या घरांतल्याही मुली येऊ लागल्या. मावशीने लग्न केलं नाही. "एक फाटक पुरे झालं," म्हणायची.

शाळा सुटल्यावर मुलगी कोणाच्या हाती द्यायची, याचा जुन्या सिस्टरांनी नियम घालून दिला होता. न्यायला आलेला माणूस बाहेर थांबणार, मावशी मुलीला विचारणार, "कोण गं हे?" मुलगी आपणहून धावली तर सोडायची, पाय अडखळला तर आत ठेवायची. वेडेपणाच म्हणा, पण आयांच्या मागून त्यांच्या लेकीही या नियमावर सुखरूप घरी गेल्या. एकदा तर सख्ख्या काकाला मावशीने ताटकळत ठेवलं, कारण पुतणी रुसली होती.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईची मुलगी दुसरीत होती. बाई याच शाळेत शिकलेली, आता नवऱ्यापासून वेगळी राहणारी. एका दुपारी तो नवरा फाटकाशी आला.

"कोण गं हे?"

"बाबा!" ओरडत पोर अशी धावली की दप्तर खांद्यावरून पडलं. मावशीने ते उचलून दिलं, वर कौतुकाने हसली. बापलेक कोपऱ्यावरून वळले ते कायमचेच.

पोलिस आले, चौकशा झाल्या, पत्ता काही लागला नाही. लोकांनी शाळेच्या नावाने खडे फोडले आणि हळूहळू आपल्या मुली काढून नेल्या. सिस्टरांनी मावशीला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, कारण ती आई रोज शाळा सुटताना समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहायची. बोलायची नाही, नुसती बघायची. मावशीचा जीव अर्धा व्हायचा. आधार एवढाच होता, की पोर धावत गेली होती, नियम काही मावशीने मोडला नव्हता.

यंदा शाळा बंद झाली. शेवटच्या दिवशी मावशी फाटकाला साखळी घालत होती, तेव्हा ती आई पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आली.

"मावशी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार, पोरी."

"त्या सकाळी मी तिला फणीने मारलं होतं. वेणी घालू देत नव्हती म्हणून. लोक म्हणतात, ती हसत गेली. माझ्या तावडीतून सुटली म्हणून हसली का हो?"

खोटं बोलणाऱ्या मुलींना मावशीने जन्मभर कान धरून प्रार्थनेला बसवलं होतं.

"हसतेय कसली! रडली ती," मावशी म्हणाली. "आई, आई करत होती. गज धरून बसली होती. मीच बोटं सोडवली."

आईने डोळे मिटले. मग ती मावशीच्या तोंडावर थुंकली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने रडत निघून गेली.

मावशीने आधी कुलूप लावलं. तोंड मग पुसलं.