अक्कांची खेळण्यांची खोली

अक्का खोटं बोलायच्या त्या डोक्यावरून मायेनं हात फिरवत. इंजेक्शनला घाबरलेल्या पोराला बिनदिक्कत सांगायच्या, "आज सुया संपल्या." पोर निर्धास्त होऊन खेळणं निवडायचं. मला त्याचं भारी कौतुक वाटे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. बंगळूरला बसवनगुडीतल्या एका मुलांच्या रुग्णालयात बेळगावकडच्या अक्का खेळण्यांची खोली सांभाळत. मी पुण्याहून आलेला प्रोग्रामर. कोणतं खेळणं कोणत्या खाटेवर गेलं, परत आलं का, हे प्रत्येक वॉर्डातल्या संगणकावर दिसावं, म्हणून रविवारी जाऊन वेब ॲप्लिकेशन तयार करत होतो. ते चाललं तर इतर रुग्णालयांत माझं नाव सुचवायचं मोठ्या डॉक्टरांनी कबूल केलं होतं. त्या भरवशावर मी नोकरी सोडणार होतो. हे फक्त अक्कांना ठाऊक होतं.

"स्वल्प थांब तम्मा, आधी खा," असं धाकट्या भावासारखं दटावत त्या चित्रान्नाचा डबा पुढे करायच्या. माउस धरायला त्यांना मीच शिकवलं. 'परत आलं' हे बटण मोठं कर, ही सूचना त्यांचीच. मी हौसेनं ते हिरवंगारही केलं.

काही महिन्यांत पडद्यावर सगळी खेळणी परत आलेली आणि कपाटं रिकामी. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. अक्का म्हणाल्या, "पोरगं गुणाचं हाय हो. पण त्याचं मशीन चुकतंय." प्रोग्राम बंद झाला आणि माझ्या नावावर काट बसली.

मी वेड्यासारखा चूक शोधत बसलो. सापडेना, म्हणून अक्कांनाच विचारायला गेलो. दारात एक बरी झालेली मुलगी आईबरोबर घरी निघाली होती. तिच्या काखेत खोलीतली चन्नपट्टणची लाकडी बाहुली होती आणि अक्का तिला हात हलवून निरोप देत होत्या. मला बघून त्यांचा हात खाली आला.

"जाणाऱ्या पोराच्या हातातनं काढून घ्यायला जमत नाही रे," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, मला आधी सांगायचं होतंत ना, 'देऊन टाकलं' असं आणखी एक बटण केलं असतं. डॉक्टरांसमोर माझ्यावर का ढकललंत?

"मग कुणावर ढकलू? तू घरचा. परक्याचं नाव कसं घेऊ?"

मी त्यांना घरचा वाटत होतो, यात तिळमात्र खोट नव्हती. परक्यानं बुडवलं असतं तर मी केव्हाच विसरलो असतो.