चौकातला चौथरा

निपाणीच्या बाजारचौकात शिवाप्पा हवालदारांनी कधी शिट्टी फुंकल्याचं मला आठवत नाही. तंबाखूच्या हंगामात खेड्यांतल्या बैलगाड्या, टांगे आणि बेळगावची मोटार एकमेकांत अडकली, की ते गर्दीत शिरत आणि सगळ्यात पुढच्या बैलाची वेसण धरून त्याला गल्लीत वळवत. "बैलाला शिट्टी कळत न्हाय," ते म्हणत, "आन् गाडीवानाला कळती, पर त्यो ऐकत न्हाय."

मी तेव्हा म्युनिसिपालटीत कारकून होतो. या कोंडीवर आमच्याकडे बैठकांवर बैठका झाल्या. शिवाप्पांचं मागणं एवढंच होतं, की भरल्या गाड्या एका गल्लीनं आत याव्यात आणि रिकाम्या दुसरीनं बाहेर जाव्यात. इतका सोपा उपाय कुणाला पटेना. त्याऐवजी हवालदारानं उभं राहावं म्हणून चौकाच्या मधोमध दगडी चौथरा बांधला आणि कलेक्टरसाहेबाच्या हस्ते त्याचं उद्घाटन केलं. दुसऱ्या दिवसापासून गाड्या चौथऱ्यालाच अडू लागल्या.

"अण्णा, माझ्यासाठीच बांधलाय न्हवं?" शिवाप्पा मला म्हणाले. "मग मीच सांगतो, काढा की."

मी तसं टिपण वर पाठवलं. उत्तर आलं, हवालदार चौथऱ्यावर उभा राहत नाही म्हणून कोंडी होते.

पुढच्याच बाजारी एका पहिलटकरणीला दवाखान्यात नेणारी गाडी तिथंच अडकली. मागं-पुढं हलायला जागा नव्हती. "माजी लेक मरतीया ओ हवालदार!" तिची आई ओरडली. शिवाप्पांनी अंगातला कोट काढला. "पारी आणा रं!" गाडीवानांनी पहारी घालून घटकाभरात चौथऱ्याची एक बाजू उखडली, बैल सोडले आणि गाडी हातांनी ओढत पार नेली.

बाळबाळंतीण सुखरूप राहिली. शिवाप्पांची मात्र सार्वजनिक बांधकामाची नासधूस केल्याबद्दल दूर जंगलातल्या लोंढ्याला बदली झाली. उरलेला चौथरा म्युनिसिपालटीनंच काढला आणि अहवालात लिहिलं, 'रहदारीच्या सोयीसाठी चौक रुंद करण्यात आला.' अक्षर माझंच होतं.

ते निघाले त्या सकाळी मी मोटारीपर्यंत गेलो आणि मान खाली घालून त्यांना अहवालातलं ते वाक्य सांगितलं.

शिवाप्पा मनापासून हसले. "रुंद झाला न्हवं? मग खोटं कुठं लिवलंसा?" आणि माझ्या पाठीवर थाप मारून ते मोटारीत चढले.

त्यांनी रागवायला हवं होतं.