कापण्याच्या लायकीचं

गमरे सरांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला कायम एक दोरा गुंडाळलेला असे. पांढरा, नायलॉनचा, हातभर लांब. शाळेत असोत, बाजारात असोत, कुणाच्या लग्नात पंगतीला बसलेले असोत, दोरा बटणाला असायचाच. अंबरनाथ पूर्वेला ज्या शाळेत ते चित्रकला शिकवत, तिथेच आमचे हे गणित शिकवायचे. मी यांना एकदा विचारलं तर म्हणाले, "चष्म्याचा असेल." चष्मा सरांच्या खिशात असायचा आणि त्याचा दोऱ्याशी काहीएक संबंध नव्हता. पण आमच्या यांचं निरीक्षण फळ्यापुरतंच, म्हणून मी नाद सोडला.

दोऱ्याचं खरं काम कळलं ते कुळगावला, सरांच्या घरी. मूळचे रत्नागिरीकडचे गमरे सर तिथे छोटंसं घर बांधून राहिले होते आणि मागच्या पडवीत त्यांनी मातीकामासाठी चाक बसवलं होतं. चाक म्हणजे उल्हासनगरच्या एका सिंधी भंगारवाल्याकडून आणलेलं जुन्या मशीनचं लोखंडी चक्र. भंगारवाल्याने विचारलं होतं म्हणे, "मास्टर, इसका क्या करोगे? चक्की डालोगे?" सर म्हणाले, "हां साईं, मिट्टी पीसेंगे." हा किस्सा ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि दर वेळी स्वतःच आधी हसत. एका दिवाळीच्या आधी त्यांनी शाळेतल्या सहकाऱ्यांच्या बायकामुलांना पणत्या करायला बोलावलं, तेव्हा मलाही तो ऐकायला मिळाला.

बाकीच्या बायका पणत्या करून, हात धुऊन, चिवडा खाऊन गेल्या. मी पुढच्या रविवारी परत गेले. त्याच्या पुढच्याही. आठवडाभर बँकेत शिक्के मारणारी मी, ओली माती तळव्यात फिरायला लागली की मला तहानभुकेची शुद्ध राहत नसे. सर शिकवायचे मोठ्या मजेत. माती चाकाच्या मध्यावर बसत नाही म्हणून मी वैतागले की म्हणत, "वहिनी, घाई असेल तर स्टीलचं घ्या. बोहारीण दारावर येतेच की." कसंबसं एखादं गाडगं उभं राहिलं की चष्मा लावून ते चहूबाजूंनी बघत आणि म्हणत, "छान. ठेवा. भाजू या." उन्हाळ्यात अंगणात भट्टी लागे आणि माझी गाडगी तांबडीलाल होऊन घरी येत. शोकेसमधून कपबशा हलल्या, गाडगी बसली. "आता घरात माणसं ठेवायची की मडकी, तेवढं ठरव," असं हे म्हणायचे, पण पाहुण्यांना तेच आधी शोकेस दाखवायचे.

माझ्यानंतर दोन-तीन महिन्यांनी रंजना आली. माझ्यानंतर, हे मुद्दाम सांगते. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, पोस्टात नोकरीला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आणि बोलायला लाघवी. पहिल्याच दिवशी तिच्या हाताखाली माती अशी गप्प बसली की मला बघवेना. माती मध्यावर बसवायला मला दोन महिने लागले होते. तिने एक वाडगा उभा केला, आणि सर उठले. बटणावरचा दोरा सोडून त्यांनी त्याची टोकं दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळली आणि वाडग्याच्या काठापासून बुडापर्यंत सरळ खाली ओढला. वाडग्याच्या दोन फाका झाल्या. "हे बघ," सर म्हणाले, "इथे जाड आहे, इथे पातळ. इथे तुझा हात थांबला. का थांबला?" मग दोन्ही फाका चुरगाळून बादलीत टाकल्या. रंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग दर रविवारी हेच व्हायला लागलं. रंजनाने घडवायचं, सरांनी कापायचं, मातीने बादलीत जायचं. स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षात मी तिची समजूत काढत असे. "मनावर घेऊ नकोस गं, जमेल हळूहळू." ती नाक पुसत म्हणायची, "तुमचं बरं आहे ताई, तुमची सगळी ठेवतात." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. माझं शोकेस भरलं होतं आणि तिच्या घरी एक पणतीसुद्धा गेली नव्हती.

शेवटी मीच मोठेपणा घेऊन सरांकडे तिची रदबदली केली. "सर, त्या पोरीचं एखादं तरी राहू द्या हो. माझी सगळी ठेवता, मग तिचीच का कापता?"

सर माती मळत होते. वर न बघता म्हणाले, "कापून बघण्यासारखं असतं तेच कापतो, वहिनी. बाकीच्यांच्या आत काय आहे ते बाहेरूनच कळतं."

मला दुखवायला म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. पण आपण काय बोललो हे त्यांच्या गावीही नव्हतं. लगेच विचारलं, "चहा घेणार ना?" मी घेतला. घरी आले आणि शोकेसमधलं एकेक गाडगं हातात धरून बघितलं. प्रत्येकाचं बूड भाकरीएवढं जाड. त्या रात्री यांनी आमटीला मीठ कमी आहे असं म्हटलं, त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

त्या दिवसापासून मी रंजनाला पाण्यात पाहायला लागले. तिचं हसणं खुपायचं, तिची पातळ बोटं खुपायची. सर तिला "तू" म्हणायचे आणि मला "तुम्ही", तेसुद्धा खुपायचं. मला वहिनी म्हणून मान होता, पहिला चहा मला, बसायला खुर्ची मला. तिला मिळायच्या शिव्या. "हात आहेत की पोळपाट-लाटणं?" असं एकदा ते तिच्यावर ओरडले, तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यावर त्यांनी आजवर आवाज चढवला नव्हता.

मी काय काय केलं म्हणून सांगू. बुधवारी बँकेतून परस्पर कुळगावला जायला लागले. पातळ करण्याच्या नादात किती गाडगी बसकण मारून पडली. "पडू दे, पडू दे," सर म्हणायचे, "त्याचं त्याला कळेल." रंजना बोटं कशी धरते ते चोरून बघून तशी धरली, तर मनगट धरलं आणि महिनाभर बाम चोळत बसले. एकदा तर निर्लज्जपणे म्हटलं, "सर, आज माझंही कापा." त्यांनी गाडगं हातावर घेतलं, फिरवलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "कशाला? छान आहे की. तुम्ही हौसेने करता वहिनी, तुमची हौस मी का मोडू?"

पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात सरांनी हस्तकलेचं टेबल लावलं. रंजनाचं मांडायला काही नव्हतंच, म्हणून सगळी माझी गाडगी. पालक थांबून बघत होते, मुख्याध्यापिकांनी माईकवरून माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. रंजना सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. मनापासून. मला वाटलं, हिला एकदा, निदान एकदा, माझा हेवा वाटावा. पण ज्याचं सर स्वतः कापतात त्याने माझ्या टेबलाचा हेवा कशाला करावा?

वर्षं गेली. सर निवृत्त झाले. डायबेटिसने त्यांचे डोळे घेतले, आधी एक, मग दुसराही जवळजवळ. दोरा मात्र बटणाला होता. आता ते मडक्यात हात घालत, बोटांनी आतून खालपासून वरपर्यंत चाचपत आणि मग ठरवत. डोळे होते तेव्हा काही चुका सुटायच्या, बोटांना एकही सुटत नसे. "मडकं बाहेरून सगळं गाव बघतं," ते म्हणायचे. "आत हात घालायला कुणी येत नाही. म्हणून आत नीट करायचं." आम्ही दोघी अजून जात होतो. ती अजून रडत होती, मी अजून जळत होते.

मग तो रविवार आला. रंजनाच्या सासूला दवाखान्यात ठेवलं होतं, म्हणून ती आली नव्हती. सरांच्या पत्नी बाजारात गेल्या होत्या आणि सर आत पडले होते. मी एकटीच चाकावर बसले. त्या दिवशी का कोण जाणे, मला कुणाची आठवण झाली नाही. रंजनाची नाही, सरांची नाही, दोऱ्याची नाही. एक गाडगं झालं. ते फळीवर ठेवून मी मागच्या नळावर हात धुवायला गेले.

सर भिंत चाचपत पडवीत आले. फळीजवळ बसले, हाताला गाडगं लागलं. त्यांनी आत हात घातला. एकदा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. मग दुसरा हात बटणाकडे गेला. मी नळ चालूच ठेवून बघत राहिले. दोरा काठावर बसला आणि खाली गेला.

"रंजना, इकडे ये," सर म्हणाले.

मी जाऊन समोर उभी राहिले.

"बूड जमलंय. पोटात हात मोकळा फिरलाय. पण वर गाडग्याच्या खांद्याला आलीस आणि घाबरलीस. इथे बोट लाव. पडेल म्हणून श्वास धरलास, आणि जाड झालं. पडलं असतं तर पडलं असतं. पुढच्या वेळी पाडून दाखव मला." बराच वेळ ते दोन्ही फाकांवरून बोट फिरवत राहिले. एवढं मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं."

'सर, हे माझं' एवढे तीनच शब्द ओठांवर आले होते. पण मी त्यांना ओळखून होते. मी बोलले की आवाज मऊ होणार, "अरे वा वहिनी, छान" म्हणणार आणि मला खुर्चीवर बसवणार. मला ते सगळं शेवटपर्यंत ऐकायचं होतं. मी नुसतं "हं" म्हटलं. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं. पण त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात हलवलं. तिथे कायम कुणी ना कुणी उशाशी बसलेलं असायचं, आणि एवढ्या आजारी माणसाला गाडग्याचं काय सांगायचं? सर परत आले नाहीत.

सरांच्या पुण्यानुमोदनाला कुळगावचं घर माणसांनी भरलं होतं. बुद्धवंदना झाली, माणसं सरांविषयी बोलली, मग चहा आला. रंजना माझ्या शेजारी येऊन बसली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? दवाखान्यात सर मला म्हणाले, त्या रविवारचं गाडगं तुझं सगळ्यात चांगलं. मी तर त्या रविवारी आलेच नव्हते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी हो म्हटलं. पण मग कुणाचं होतं ते?"

"माझं," मी म्हटलं.

"तुमचं? नाही हो."

"माझंच. कापलंसुद्धा."

"कापलं?" तिने कप खाली ठेवला. "काय म्हणाले? नीट सांगा. खांद्याचं काही म्हणाले का?"

मी काही सांगितलं नाही. तिने अजून दोनदा विचारलं. इतकी वर्षं ज्या चेहऱ्याची वाट बघितली तो माझ्यासमोर होता. ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्या बोटांवर. स्टेशनकडे आम्ही नेहमी एकाच रिक्षाने जात असू. त्या दिवशी तिने वेगळी रिक्षा केली. मी मागच्या रिक्षात बसून तिची पाठ बघत होते. मला फार बरं वाटत होतं, आणि पदर डोळ्यांवरून हलत नव्हता. कारण सर गेले ते रंजनाला शाबासकी देऊन. ते गाडगं माझं होतं हे त्यांना कधीच कळलं नाही. कळलं ते एकट्या रंजनाला, आणि तिला ते सोसलं नाही.