दरवाज्यावरची अक्षरं

ही गोष्ट माझ्या घरात कुणाला माहीत नाही. ज्या दैनिकासाठी मी सेनगावहून बातम्या पाठवतो, तिथंही नाही. बायकोला सांगायला दोनदा बसलो – दोन्ही वेळा दुसरंच काही बोलून उठलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते नाही.

बातमीत मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात यावी लागते. कोण, कुठं, कधी. इतकी वर्षं मी तेच करत आलो. मग इथं का जमत नाही?

आधी आमच्या कामाची एक पद्धत सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराला एका दिवशी चार कार्यक्रम असतात आणि मोटारसायकल एकच. मग निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची आणि कार्यक्रम व्हायच्या आधीच बातमी लिहून टाकायची. अध्यक्ष अमुक, पाहुणे तमुक, ‘मोठ्या उत्साहात संपन्न’. एखादा पाहुणा आलाच नाही, तर कार्यालयात फोन करून नाव काढायला सांगायचं. त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. एक फोन करायचा असतो – एवढंच.

महेबूबचाचा पुसेगावचे. दगडावर अक्षरं कोरायचे. शाळेच्या कोनशिला, कबरींचे दगड, देवळाच्या पायरीवरची नावं. मराठी आणि उर्दू, दोन्ही. छिन्नी लावायच्या आधी ते खडूनं सगळं लिहून काढायचे आणि घरच्या माणसाला एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लावायचे. आता ग्रॅनाइटवर मशीन नावं काढतं. चाचांचं काम कमी झालं होतं, पण त्यांच्या पत्र्याच्या शेडसमोर बसायला माणसं असायचीच.

त्यांना एक वेड होतं. ताजमहालाच्या दरवाज्याभोवती काळ्या दगडात अक्षरं बसवली आहेत. दरवाजा उंच, तरी खालून बघताना खालची आणि वरची अक्षरं सारखीच दिसतात, कारण वर जाता जाता ती मोठी करत नेली आहेत – हे चाचांना त्यांच्या उस्तादांनी सांगितलेलं. किती मोठी? ते उस्तादांनाही ठाऊक नव्हतं. चाचा शेडच्या भिंतीवर खडूनं अंदाज काढून दाखवायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. आल्यागेल्याला सांगायचे, ‘एक डाव खाली उभं राहून बघायचंय, मंग मला कळंल.’

मीच म्हणालो, चला. रविवारच्या पुरवणीसाठी मजकूर होईल, असा माझा हिशेब. शेडमध्ये त्यांचा फोटो काढला तेव्हा ते म्हणाले, हसायला लावू नका भाऊ, समोरचे दात न्हाईत. शेजारचा चहावाला म्हणाला, चाचा, तिकडंच राहू नका, शहाजहानच्या शेजारी जागा मिळायची न्हाई. चाचीनं तिळाच्या भाकरी बांधून दिल्या. गुरुवारी सकाळी आम्ही पूर्णेहून गाडीत बसलो.

मनमाड यायच्या आत मी लेख लिहून संपवला होता.

वाचलंत ना? ताज बघायच्या आदल्या दिवशी. चाचा समोर खिडकीशी बसून पेंगत होते आणि मी मोबाइलवर लिहीत होतो, की ते दरवाज्याखाली मान वर करून कितीतरी वेळ उभे राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, ‘उस्ताद खरं बोलले होते, वरचं अक्षर मोठंच हाय.’ त्यांची भाषा मला बरोबर जमली होती. पुरवणीची पानं शुक्रवारी संध्याकाळी लागतात. उशीर नको म्हणून तिथूनच पाठवून दिलं.

शुक्रवारी सकाळी चाचा तोंड धुवायला गेले होते, तेव्हा समोरच्या बाकावरच्या माणसानं विचारलं, कुठं चाललात? मी सांगितलं. तो म्हणाला, आज ताज बंद असतो, शुक्रवार आहे.

साधी गोष्ट होती. दुसऱ्याच्या बातमीत अशी चूक सापडली असती, तर मी हसलो असतो. मी फोन हातात घेतला. कार्यालयात सांगता आलं असतं, लेख थांबवा. अर्धा दिवस हातात होता. मी फोन खिशात ठेवला. चाचा परत आले, टॉवेलनं कान पुसत विचारू लागले, किती राहिलं आता? मी म्हणालो, आलंच.

त्यांनाही काही सांगितलं नाही. का? मला वाटतं, तिथं पोचेपर्यंत काही तरी होईल, अशी मला आशा होती. काय होणार होतं?

दरवाज्यापाशी पोलीस होते. नमाजाला जाणारी तिथली स्थानिक माणसं ओळखपत्रं दाखवून आत जात होती, आम्हाला अडवलं. मी पुढं जाऊन एका शिपायाशी दोन शब्द बोललो आणि परत येऊन चाचांना म्हणालो, कुणी परदेशी पाहुणा आलाय, म्हणून आज अचानक बंद केलंय. चाचा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘उद्या उघडंल का?’

‘उघडेल. पण आपली गाडी संध्याकाळची.’

‘एक रात थांबलं तर? मी कुठंबी पडून राहीन भाऊ. स्टेशनवर चालंल.’

मी म्हणालो, दुसऱ्या गाडीत जागा मिळणार नाही, आणि रविवारी सेनगावला मोठा कार्यक्रम आहे, मला तिथं असावंच लागतं. जागा मिळते का हे मी बघितलंच नव्हतं. आणि त्या कार्यक्रमाची बातमी मी परतीच्या गाडीत पत्रिकेवरून लिहिली.

मधला वेळ घालवायला आम्ही जवळच्या किल्ल्यात गेलो. वरच्या सज्ज्यातून लांब, नदीच्या वळणावर, ताज दिसतो – धुरकट, मुठीएवढा. मी म्हणालो, बघा, दिसतोय की. ‘व्हय,’ चाचा म्हणाले. ‘अक्षरं न्हाई दिसत.’ मग वळून ते एका भिंतीपाशी बसले आणि लाल दगडातल्या वेलीवरून अंगठा फिरवू लागले. एका ठिकाणी थांबले, हसले. मला बोलावून म्हणाले, ‘हितं हात चुकलाय गड्याचा. छिन्नी घसरली. मंग त्यानं तिथं एक पान जास्तीचं काढलंय.’ मी घड्याळ बघत होतो. त्या सबंध प्रवासात लिहिण्यासारखं तेवढंच घडलं होतं, आणि ते मी लिहिलं नाही.

रविवारी लेख आला. ‘पुसेगावच्या छिन्नीला ताजचा सलाम’. शेडमधला फोटो, शेजारी ताजचा. चाचांच्या मुलानं, युनूसनं, कात्रण चौकटीत बसवून शेडमध्ये टांगलं. मी चाचांना एवढंच म्हणालो, वाचकांना निराश करणं बरं दिसत नाही. ते म्हणाले, ‘तुमचं काम तुमाला ठावं.’

त्यानंतर माणसं मुद्दाम विचारायला यायची. वसमतचे दोन कारागीर आले: वरचं अक्षर खालच्याच्या दीडपट हाय का दुप्पट? चाचा कात्रणाकडं बोट करायचे. ‘भाऊनं लिवलंय त्यात, वाचा.’ एकदा मी तिथंच बसलो होतो. कुणी तरी म्हणालं, ‘चाचा, ताज बघून आले अन् मुके झाले काहून?’ सगळे हसले. चाचाही हसले. ‘मी पाहिलं’ असं त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. मला तो त्यांचा भिडस्तपणा वाटायचा. की मी तसं ठरवून टाकलं होतं? भिंतीवरचा खडू मात्र बंद झाला. अक्षरांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

एकदाच म्हणाले, ‘भाऊ, परत कवा जाणं व्हईल का?’ मी म्हणालो, बघू. दगडाच्या भुकटीनं त्यांची छाती तेव्हाच भरत आली होती, मला खोकला ऐकू येत होता. बघू म्हणालो, आणि पाहिलं नाही.

गेल्या वर्षी ते गेले. चाळिसाव्या दिवशी घरासमोर मांडव होता. गावातली हिंदू-मुसलमान सगळी माणसं होती. जेवणाआधी युनूसनं चौकट काढून आणली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, भाऊ, तुमीच वाचून दाखवा. अब्बांबद्दल इतकं चांगलं कुणी लिवलं न्हाई.

सांगायची ती जागा होती. मी काय केलं? उभा राहिलो आणि वाचलं. आवाज कापला नाही. ‘वरचं अक्षर मोठंच हाय’ या वाक्याला बायकांच्या बाजूला कुणी तरी डोळ्यांना पदर लावला.

निघताना चाची दाराशी आल्या. हळू आवाजात बोलल्या, फक्त मला ऐकू जाईल इतकं.

‘आल्या दिशीच सांगितलं होतं त्यांनी मला. आत गेलो न्हाई म्हणून. अन् तिथं पाटी होती म्हणे, शुक्रवारी बंद असतंय अशी. त्यांनी वाचली होती.’

मी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली.

‘म्हणले, भाऊला कळू देऊ नको, मला ठावं हाय म्हणून. पोरगं खजील व्हईल.’

पाटी मी पाहिली नव्हती. जन्मभर अक्षरं कोरणारा माणूस समोर असलेली पाटी वाचल्याशिवाय पुढं कसा जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे मी पाहुण्याची थाप मारली तेव्हा ते माझ्याकडं बघत होते, ते पाटी वाचून झाल्यावर. आणि मग त्यांनी विचारलं होतं – उद्या उघडंल का?

मी चाचींना नमस्कार केला, मोटारसायकल काढली आणि सेनगावला आलो. त्या दिवशीच्या दोन बातम्या पाठवायच्या होत्या. पाठवल्या.

युनूसनं चौकट पुन्हा शेडमध्ये टांगली आहे. लेखाखाली माझं नाव आहे.