ड्रोनला कुंकू लावलं म्हणून

आमच्या बचत गटाचा नवाकोरा फवारणीचा ड्रोन आमच्या गावात, कुरुंद्यात आला, त्या दिवशी आमी बायांनी त्याला ओवाळलं. ओवाळणारच! आमच्याकडं ट्रॅक्टर येवो की शिलाई मशीन, हळद-कुंकू लावल्याबिगर कुणी चालू करत न्हाई. माझ्या थोरल्या जावेनं, म्हणजे अक्कानं, पुढच्या काळ्या काचेलाच बोट टेकवलं. कपाळ समजली ती बिचारी. ती काच म्हणजे ड्रोनचा डोळा. समोर माणूस, झाड, तार काहीबी आलं की त्यानं आपोआप थांबायचं, असं मला ट्रेनिंगमधी शिकवलेलं. मी लगेच ओल्या फडक्यानं पुसून काढलं. एवढंच घडलं. पण ड्रोन आज गोठ्यात पडून आहे अन् कंपनी अजून त्या कुंकवालाच दोष देते. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

रिमोट माझ्याकडं असायचा अन् अक्का समोरच्या बांधावर. शेतातली हळद कमरेएवढी झाली की ड्रोन कुठवर गेला ते मला नीट दिसत न्हाई, ती तिथून हात करून सांगायची. पहिल्याच आठवड्यात तो शेवग्याच्या फांद्यांत घुसला. रिमोटच्या पडद्यावर मात्र हिरवा दिवा, म्हणजे समोर काहीच न्हाई! कंपनीला फोन लावला.

"मॅडम, काचेला काही लावलं होतं का?"

मी खरं ते सांगितलं. झालं, आयतं निमित्त सापडलं त्यास्नी. तरी काच बदलून दिली, आतलं सेन्सरबी बदललं. ड्रोन पुन्हा फांदीतच. पुन्हा फोन, पुन्हा कुंकू! "अरे बाबा, ही काच तुमचीच, नवी, हिला कुणाचं बोटबी लागलं न्हाई!" मग म्हणे अपडेट करा. केलं. म्हणे आता बिनधास्त उडवा.

उडवला. बांध आला तरी तो थांबेना. मी रिमोटची कांडी मागं ओढली, तोवर अक्कानं तोंडापुढं हात धरला होता अन् पातं त्या हातावर बसलं. बोटं वाचली, पण तळव्याला टाके पडले. डोळ्याला लागलं असतं तर काय केलं असतं आमी?

रात्रंदिवस ती मला एकच विचारायची, "बाई, माझ्याच बोटानं झालं का गं हे?" हात तिचा फाटला अन् गुन्हेगारबी तीच होऊन राहिली होती. मला दुसरं काही नको होतं. कंपनीच्या माणसानं तिच्यासमोर एकदा म्हणावं, बिघाड आमच्या मशीनमधी आहे, तुमची काही चूक न्हाई.

शेवटी एक साहेब जीप घेऊन आले. गॉगल, इस्त्रीचा शर्ट. लॅपटॉप जोडला, बटणं दाबली अन् म्हणाले, "मशीन बराबर आहे. सुरुवातीला पूजेमुळं गडबड झाली असेल."

अक्का शेजारीच उभी, हात गळ्यात बांधलेला. तिनं मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं.

"बराबर आहे ना? मग साहेब, तुमी ऱ्हा त्या बांधावर उभे. मी उडवते."

साहेब हसले. घड्याळात बघितलं, जीपकडं बघितलं.

"काहून? भ्या वाटून राहिलं का?" मी विचारलं.

तसे ते अक्काकडं वळले अन् गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुम्हीच उभ्या राहा ना. तुम्हाला सवय आहे."

अन् अक्का एका हातानं पदर खोचून, मुकाट्यानं, बांधाकडं चालू लागली की हो! मी रिमोट तिथंच मातीत आपटला अन् तिच्यामागं पळत सुटले.