पेजेतले बदाम

नुहैलानं यंदा रमझानचे सगळे रोजे धरले, एकही न सोडता. ईदच्या सकाळी तिनं हे सांगितलं तेव्हा तिचे वडील, मिलूद, हरखून गेले. लेकीच्या कपाळावर ओठ टेकवून म्हणाले, "बघ रुकिया, पोरगी शहरात एकटी राहते, पण एक दिवस चुकली नाही!"

तिची आई, रुकिया, मात्र तेव्हाच मनात दिवस मोजू लागली. सव्वीस वर्षांच्या बाईला महिन्यात चार-पाच दिवस रोजा माफ असतो, ते दिवस ती पुढे कधीतरी भरून काढते. हे काही कुणी बोलून दाखवत नाही. दरवर्षी त्या दिवसांत रुकिया स्वयंपाकघराच्या दाराआड एक ताट झाकून ठेवायची. पाव, लोणी, मुरंबा, दोन अंडी. नुहैला दार लोटून उभ्या-उभ्याच खायची, बाहेर बापाची चाहूल लागली की दोघी तोंडावर हात दाबून हसायच्या. यंदा रमझानचे शेवटचे दहा दिवस सुट्टी घेऊन पोरगी साफीत, आईबापांच्या घरी होती. ताट रोज झाकून ठेवलं आणि रोज तसंच उचललं. आणि सगळे रोजे, म्हणजे आधीचे वीस दिवसही तसेच कोरडे गेले होते.

नुहैला लहानपणापासून अंगानं भरलेली. शाळेत हुशार, आवाज मोठा, हसली की खांदे हलायचे. लग्नाकार्यात पोरींना नाचायला ओढणारी तीच. शेजारची लल्ला बतूल हमामात, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, तिला बघून म्हणायची, "ये बाई, ये, दोघींची जागा सोडलीय तुझ्यासाठी." नुहैला उलट म्हणायची, "तिघींची सोड, भूक लागलीय मला." सगळा हमाम हसायचा. घरी आल्यावर ती गप्प असायची, हे फक्त रुकियाला ठाऊक.

अडीच वर्षांपूर्वी चुलत बहिणीच्या लग्नासाठी शिवलेल्या झग्याचे बंद लागेनात. शिंपिणीनं तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवली. त्या संध्याकाळी नुहैला स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "यम्मा, तू विज्ञान शिकवायचीस ना? वजन उतरतं कसं, ते खरंखुरं सांग. लिंबूपाणी आणि जिरं नको सांगूस."

रुकियानं एकतीस वर्षं शाळेत निसर्गविज्ञान शिकवलं होतं. तिला बरंच वाटलं. जुन्या परीक्षेच्या कागदाच्या पाठीमागे तिनं मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'खाल्लेलं', दुसऱ्या बाजूला 'जाळलेलं'. "शरीर म्हणजे गल्लीतली भट्टी समज, बिंती. लाकूड कमी घातलंस आणि पाव तितकेच भाजलेस, तर भट्टी साठवणीतलं लाकूड काढते. साठवणीतल्या सात हजार सातशे कॅलरी गेल्या की एक किलो जातो. एवढंच आहे."

"एवढंच?"

"एवढंच. गणित खोटं बोलत नाही."

हे वाक्य वर्गात दर वर्षी म्हटलेलं, सवयीनं तोंडातून गेलेलं.

पोरीनं ते मनावर घेतलं. एक्याण्णववरून ऐंशी, ऐंशीवरून सत्तर. समुद्राच्या कडेनं रोज चालायची, पुढे पळायला लागली. घरात आनंदीआनंद होता. फक्त शुक्रवारचा कुसकुस, वाफवलेल्या रव्याचं मांस घातलेलं जेवण, अवघड झाला. मोठी परात मध्ये, सगळे भोवती, ज्यानं त्यानं आपल्या पुढ्यातलं खायचं, आणि आईनं मांसाचा चांगला तुकडा हळूच लेकरांच्या बाजूला सारायचा. नुहैला म्हणाली, "परातीतलं मोजू कसं? तू तुकडे सरकवतेस, माझ्या बाजूला डोंगर होतो." तिनं वेगळी बशी घेतली आणि वजनकाट्यावर ठेवली.

मिलूदचा हात परातीवर थांबला. "आम्हाला काय खरूज झालीय, वेगळं बसायला?"

"बा, मी इथंच बसलेय ना, तुमच्या मांडीला मांडी लावून."

"तू बसलीस, बशी नाही बसलेली," मिलूद म्हणाले, पण मग खाऊ लागले. रुकियानं सारलेला तुकडा त्या दिवशी परातीतच राहिला.

पुढे नुहैलाला अल-जदीदात विमा कचेरीत नोकरी लागली, खोली घेतली. साठ झाले तेव्हा रुकिया म्हणाली, आता पुरे. बावन्न झाले तेव्हा ती रडली. नुहैला म्हणाली, "सगळ्या गल्लीनं मला वीस वर्षं जाडी म्हटलं तेव्हा कुणी रडलं नाही." बतूलही आता जिन्यात गाठून विचारायची, "मास्तरीणबाई, मुलीला काही आजार नाही ना? पूर्वी कशी चंद्रासारखी दिसायची!"

घरचं म्हणून नुहैला एकच गोष्ट घ्यायची: जवाच्या कण्यांची पेज. आई दर गुरुवारी सात डबे गोठवून बसच्या कंडक्टरबरोबर पाठवायची. रात्रीचं जेवण तेवढंच. आठ महिन्यांपूर्वी रुकियानं पहिल्यांदा त्यात लोण्याचा गोळा टाकला. लगेच फोन आला. "यम्मा, वर हा पांढरा थर कसला?"

"दूध असेल. साय धरली असेल."

"आणि तेल किती घातलंस?"

"एक चमचा. सात डब्यांना मिळून एक."

त्यानंतर रुकिया शहाणी झाली. लोणी वर तरंगतं, बदाम तरंगत नाहीत. सोललेले बदाम पिठासारखे दळायचे, थोडं तेल घालून त्यांचं दूध करायचं आणि कण्यांत मिसळायचं. रंग तोच, दाटपणा तोच. डब्याला तीनशे कॅलरी जास्त. तिनं काटेकोर मोजलं होतं, मोजायला तिला शिकवावं लागत नव्हतं. परातीतला तुकडा सारता येत नाही, तर हा असा सारला. दर आठवड्याला नुहैला विचारायची, "तेल एकच चमचा ना?" आणि रुकिया म्हणायची, "एकच." मन खायचं, पण तीनशे पोटात गेले या विचारानं झोपही लागायची.

तरी वजन उतरतच राहिलं. का, ते कळत नव्हतं.

ईदच्या तिसऱ्या दिवशी दोघी हमामात गेल्या. रुकियानं हातावर अंग घासायची खरखरीत पिशवी चढवली आणि लेकीची पाठ घासायला घेतली. तान्ही होती तेव्हापासून तिनं ही पाठ घासली होती, हाताला तिचा नकाशा पाठ होता. आता पिशवी मणक्यामणक्याला अडकत होती. आणि पाठीवर बारीक, मऊ लव आली होती, पिलाच्या अंगावर असते तशी. एवढ्या वाफेत पोरीची बोटं गार होती.

"यम्मा, जोरात घास की. मी काय काचेची आहे?"

रुकियानं हलक्या आवाजात विचारलं, "पाळी कधीपासून नाही?"

नुहैलानं अंगावर तांब्याभर पाणी ओतलं. "चांगलंच झालं की. रोजे भरून काढायला नकोत."

घरी येऊन ती पडली आणि लगेच झोपली. तिच्या उघड्या पिशवीतून ओले कपडे काढताना वही वर आली. रुकियानं ती उघडली. उघडायला नको होती, असं तिला अजून वाटतं, आणि आठ महिने आधी उघडायला हवी होती असंही.

प्रत्येक पानावर मधोमध रेघ. खाल्लेलं, जाळलेलं. अक्षर लेकीचं, रेघ आईची. पानाच्या तळाशी आठवड्याचा ताळा: इतकं उतरायला हवं होतं, इतकं उतरलं. आठ महिन्यांपासून प्रत्येक ताळ्यात पाव किलोच्या वर फरक. फरकाखाली दोन लाल रेघा आणि एकच वाक्य, आठवड्यामागून आठवडा: 'हिशेब जुळत नाही. कुठेतरी चोरी होतेय. आणखी कमी. तीन किलोमीटर जास्त.'

सातांना तीनशेनं गुणलं की एकवीसशे. पाव किलोच्या वर. रुकियाला कागद-पेन्सिल लागली नाही. आईनं चोरून घातलेला प्रत्येक चमचा पोरीनं दुसरीकडून कापला होता आणि वर दंड म्हणून पळाली होती.

वही हातात असतानाच नुहैला जागी झाली. चिडली नाही. भिंतीला टेकून बसली. "बघितलंस? जुळत नाही. तूच म्हणाली होतीस, गणित खोटं बोलत नाही. मग माझं शरीर खोटं बोलतंय. मी त्याला पकडणार आहे."

"डॉक्टरकडे जाऊ आपण, बिंती."

"गेले होते. म्हणाला, खा. एवढं तर बतूलही सांगते."

सांगायला हवं होतं तेव्हाच. रुकियाच्या जिभेवर आलंही होतं. पण पोरीनं त्याच वेळी हात पुढे करून म्हटलं, "एक तुझीच पेज आहे, जिच्यावर माझा विश्वास आहे. ती नसती तर मी रात्री काहीच खाल्लं नसतं." आणि रुकियानं वही मिटून तिच्या हातात ठेवली.

आज गुरुवार, नुहैला कामावर परतलीय. सात डबे ओट्यावर उघडे आहेत, कण्या शिजल्या आहेत, बदामांचं दूध गाळून वाडग्यात आहे. तीनची बस, त्याआधी डबे गोठायला हवेत. हे दूध घातलं, तर रविवारी पुन्हा लाल रेघा आणि आणखी तीन किलोमीटर. नाही घातलं, तर आधीच कापलेल्यातून तीनशे आणखी गेले. आणि खरं सांगितलं, तर पोरगी या घरातला घोटभर पाणीही मोजल्याशिवाय पिणार नाही, कदाचित डबेही परत येतील. रुकियानं तिन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. कुठूनही बाकी चांगली येत नव्हती. काट्यावर आता त्रेचाळीस आहेत.

मिलूद दारातून डोकावले. "काय गं, डबे भरले नाहीस अजून? बस जाईल."

"जाऊ दे."

"म्हणजे? पोरगी खाणार काय?"

रुकियानं वाडगं उचललं, मोरीत ओतायला नेलं, आणि न ओतता परत ओट्यावर ठेवलं. त्यातलं एवढंसं दूध वाडग्याच्या कडेवरून ओघळलं.

बारा वाजून गेले होते. या वेळेला कचेरीला जेवणाची सुट्टी असते आणि नुहैला जेवत नाही, समुद्राच्या कडेनं भरभर चालते. फोन घेते ती चालताचालताच, धापा टाकत. तिच्या वहीत निदान एक आकडा तरी खरा असायला हवा होता, मग तो कितीही उशिरा मिळो. ती रागावेल, फोन ठेवेल, महिनाभर बोलणार नाही. पण निदान शरीर चोर आहे असं तरी तिला वाटणार नाही. चोर दुसरंच कुणीतरी आहे.

रुकियानं हात पुसले. बदामाचा चिकटा बोटांच्या बेचक्यांत राहिलाच. मग तिनं फडताळावरचा फोन काढला.